चालू कामांची वही

“काम बंद. एवढे दोन शब्द लिहा, भुजंगराव, आणि आम्हाला जाऊ द्या.”

पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी वहीवर बोट ठेवलं. दुपारची वेळ. जुन्या जालन्यातल्या त्या वाचनालयात सात-आठ वाचक पुस्तकात डोकं घालून बसले होते, पण एकाचंही पान उलटत नव्हतं. दाराशी दोन जवान उभे होते. वाचनालय चालवायचा इजाजतनामा साहेबांच्या खिशात होता. तो परत मिळणार की दाराला सील लागणार, हे त्या दोन शब्दांवर होतं.

वही चालू कामांची होती. कोण कशाचा अभ्यास करतोय, कुठवर आलाय, ते वाचनालय चालवणारे भुजंगराव तिच्यात टिपून ठेवत. नऊ वर्षांपूर्वी दोन सज्जनांनी एकाच मठातली एकच पोथी, एकमेकांना पत्ता नसताना, दोन-दोन वर्षं खपून उतरवून काढली होती, आणि शेवटी याच बाकावर एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले होते. तेव्हापासून ही वही. एका विषयाला एक माणूस. दर अमावास्येला विचारपूस, मग नावापुढं ‘चालू’. देवापुढं वाचून दाखवायची असल्यासारखी भुजंगराव ती लिहीत. एक अक्षर खोटं नव्हतं तिच्यात.

साहेबांचं बोट एक्केचाळिसाव्या नोंदीवर होतं. मच्छिंद्र, मुक्काम हसनाबाद. विषय : वेठ. निजामी अमलात गावोगाव कुणाला, कुणी, किती दिवस फुकट राबवलं, त्याची टिपणं. चालू.

मच्छिंद्रला उचलून तीन दिवस झाले होते. कागदांचं गाठोडंही त्याच्याबरोबर गेलं होतं.

“वहीच घेऊन जा ना, साहेब,” भुजंगराव म्हणाले.

“नेली तर वरचे विचारतील, हे चार वर्षं चाललं तेव्हा अमीन काय झोपला होता? त्यापेक्षा तुमच्या हातानं बंद झालेलं बरं. माणूस कोठडीत, कागद ठाण्यात. काम बंद हे झूट आहे का?”

झूट नव्हतं. तीच तर पंचाईत होती.

“बंद लिहिण्याआधी विचारावं लागतं, साहेब. हे काम कुणी पुढं नेणार का, असं तीनदा. रिवाज आहे आमचा.”

“विचारा की,” साहेब हसले. “आम्हालाही बघू द्या, कोण शेर आहे ते.”

भुजंगराव उठून उभे राहिले. “मच्छिंद्रचं काम कुणी पुढं नेणार का?”

खिडकीपाशी ख्वाजामियाँ हकीम बसले होते. तालुक्यातल्या झाडपाल्याची नोंद त्यांच्याकडं होती. त्यांनी मांडीवरचा हात उचलला. मग घरची लग्नाला आलेली लेक आठवली असेल. हात पुन्हा मांडीवर गेला.

“कुणी पुढं नेणार का?”

कीर्तनात बुवांनी ध्रुपद सोडावं आणि मागच्या टाळकऱ्यांनी ते उचलूच नये, तसं झालं. आपण स्वतःच का घेऊ नये, हे भुजंगरावांच्या जिभेवर आलं. जवानांच्या काठ्या दिसल्या. जिभेवरचं जिभेवरच राहिलं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“कुणी पुढं नेणार का?” तिसऱ्या वेळी त्यांनी वहीकडं बघतच विचारलं.

“बिलकुल कुणी नाही,” साहेब म्हणाले. “घ्या टाक.”

“म्या घेते.”

आवाज उंबऱ्याकडून आला. तिथं चपलांच्या शेजारी मच्छिंद्रची आई, झुंबरबाई, सकाळपासून बसून होती. लेकाचा सदरा-धोतर ठाण्यात पोचवायला कुणी सोबत येतं का, बघायला आली होती. तिला कुणी मोजलंच नव्हतं.

“बाई, लिहिता येतं का तुला?” साहेबांनी विचारलं.

“न्हाई.”

“वाचता?”

“त्ये बी न्हाई.”

जवान फिसकन हसले. “अन् काम पुढं नेणार!” साहेब म्हणाले. “अगं, सगळे कागद ठाण्यात आहेत. एक चिठोरा बाहेर नाही. काय नेशील पुढं? चुलीतली राख?”

भुजंगराव तिच्यापाशी जाऊन उकिडवे बसले. हळूच म्हणाले, “झुंबरबाई, तळतळून बोलू नका. तुम्हालाही नेतील.”

“नेऊ द्या की. पोरगं तिकडंच हाय.” तिनं पदर नीट केला. “तुम्ही ल्हेवा, भाऊ. का बाईमाणसाचं नाव चालत न्हाई वहीला?”

भुजंगराव जागेवर परत आले. टाक दौतीत बुडवला. मच्छिंद्रच्या नावाखाली लिहिलं : झुंबरबाई, मुक्काम हसनाबाद. पुढचा शब्द लिहिण्याआधी मात्र ते थांबले. खोटं त्यांना लिहवणार नव्हतं.

“बाई, ‘चालू’ लिहायचं तर मला विचारावंच लागतं. काम कुठवर आलं?”

“जल्दी आटपा,” साहेब म्हणाले.

झुंबरबाई भिंतीला टेकली होती, ती सरळ बसली. “भाऊ, त्यो गावावरून आला की पयलं मला वाचून दावायचा. येकदा न्हाई, दोनदा. कोन्चं घर कुनाचं, कोन्ची सून कोन्च्या गावची, त्याला काय ठाव? चुकलं की म्या टोकायची, मंग त्यो खोडायचा. चार वर्सं पोथीवानी ऐकलंय म्या त्ये.”

अमीनसाहेबांचं हसू उतरलं. जवान त्यांच्या तोंडाकडं बघू लागले. वाचकांनी एकेक करून पुस्तकं मिटली.

झुंबरबाईनं दोन्ही हात मांडीवर घेतले, डोळे मिटले, आणि विचारलं,

“अठ्ठ्याऐंशी गावं झाल्यात. कोन्त्या गावापासून म्हनू?”