वरदाची खोली

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही विमानात आहात. पण खुर्चीत नव्हे, तुमच्या एकट्याच्या खोलीत! मऊ पलंग, भिंतभर टीव्ही, सरकतं दार. केंब्रिजच्या आठ वर्षांच्या वरदाला अशीच खोली मिळाली होती. बाबा ज्या कंपनीत कामाला होते, तिचंच हे आलिशान विमान लंडनहून मुंबईला निघालं होतं. "झोपा आता महाराणी!" असं चिडवून बाबा शेजारच्या खोलीत गेले.

थोड्या वेळाने विमान गचकन खाली आलं. पलंग थरथरू लागला, पेला घरंगळला. वरदाने बाबांना हाका मारल्या. पण त्या जाड भिंतींतून आवाज पलीकडे जाईना. पलंगाचा पट्टा सोडून उठायला बंदी. साध्या विमानात निदान बाबांचा हात तरी धरता आला असता! रडत रडत तिने बेल दाबली.

"काय झालं, डार्लिंग?" स्पीकरमधून हवाईसुंदरीने विचारलं.

"मला खूप भीती वाटते. बाबांना इकडे पाठवा ना!"

"आत्ता कोणालाच उठता येणार नाही, बाळा." मग ती हळूच म्हणाली, "खरं सांगू? तुझ्या बाबांनीही मघाशी बेल दाबली. 'मला फार भीती वाटतेय, मुलीला माझ्याकडे पाठवता का,' म्हणाले."

वरदाने नाक पुसलं.

"मला बाबांशी बोलू द्या," ती म्हणाली. फोन जोडला गेला. पलीकडे बाबांचा नुसता श्वास ऐकू येत होता.

"बाबा, मी गोष्ट सांगते, ऐक," वरदा कापऱ्या आवाजात म्हणाली. "एक होती मुलगी. ती कध्धीच घाबरत नसे..."