उपासाला चालते

गंगापूर धरणाजवळचा द्राक्षमळा फिरून मंडळी वाइन चाखायच्या टेबलापाशी आली, तेव्हा कुठे स्वरदाला आठवलं, आज संकष्टी! सासूबाईंचा, इंदिराबाईंचा, उपास तीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

“आई, तुम्ही राहू द्या.”

“का गं? द्राक्षांचीच ना? मग उपासाला चालते.” इंदिराबाईंनी ग्लास उचलला. सोबतच्या बिस्किटांची बशी मात्र झटक्यात दूर लोटली. “मैदा! छे, मला नाही चालायचं.”

पांढरी झाली, गुलाबी झाली, लाल तर दोनदा झाली. कॅलेंडरात चंद्रोदय रात्री नऊ बावन्नला होता.

दुपारी साडेचारला इंदिराबाई तोल सावरत उठल्या. छताला टांगलेल्या गोल पांढऱ्या दिव्याला त्यांनी मनोभावे हात जोडले.

“स्वरदा, उगवला गं! आण आता ती बिस्किटं.”