तेहतीस इंच

“तेहतीस इंच,” गॉर्डी तिसऱ्यांदा म्हणाला. “जमिनीपासून नळापर्यंत. त्याच्यावर नको.”

लाइलने कानामागची पेन्सिल काढली, फळीकडे पाहिलं आणि पेन्सिल परत कानामागे खोचली. चाळीस वर्षं तो सुतारकाम करत होता. विस्कॉन्सिनमधल्या त्या गावातल्या निम्म्या घरांची कपाटं त्याच्या हातची होती. गॉर्डीबरोबर घरी बिअर बनवायला लागूनही वीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं ती बिअर गॉर्डीच्या तळघरात बाटल्यांत भरली जायची आणि तिथेच थंड व्हायची. यंदा त्याला पेटी हवी होती. आत दोन पिंपं, जुन्या फ्रिजचं यंत्र, चारी बाजूंनी फोमचा जाड थर आणि बाहेर एक नळ. तीही तळघरात नाही, वर, मागच्या दाराशेजारच्या खोलीत.

इथवर ठीक होतं. पण नळ तेहतीस इंचांवर?

“तू सहा फूट तीन इंच आहेस,” लाइल म्हणाला. “ग्लास भरायला गुडघे टेकणार का?”

“तू माप घे रे बाबा.”

“आणि खाली ही पोकळी कशाला? दोन फूट रुंद, दीड फूट आत. तिथं तिसरं पिंप मावेल.”

“तिसरं पिंप नकोय मला.”

वीस वर्षांत गॉर्डीला जास्तीची बिअर नको झाल्याचं लाइलने ऐकलं नव्हतं. आणखी एक होतं. एरवी गॉर्डी मध्ये मध्ये लुडबुड करायचा, करवत हातातून काढून घ्यायचा. यंदा लाइलच्या गॅरेजमध्ये आला की पालथ्या बादलीवर बसून राहायचा. स्क्रू मागितला तर दोनदा हातातून पडला, आणि उचलायला तो वाकलासुद्धा नाही. लाइलला ते लागलं. फुकटात काम करून घ्यायचं आणि वर साहेबासारखं बसायचं.

घरी त्याने बायकोला, आर्लीनला विचारलं. तिने बटाटे सोलता सोलता क्षणभर विचार केला.

“नातवंडांसाठी असेल. त्यांचा हात पोचावा म्हणून.”

“बिअरच्या नळाला?”

“मग विकायची असेल कुणाला.”

हे लाइलला पटलं, आणि पटलं म्हणून राग आला. त्याच्या हातची पेटी कुणा बुटक्या गिऱ्हाइकासाठी चालली होती आणि गॉर्डी तोंडातून शब्द काढत नव्हता. दोन दिवस तो फळ्यांभोवती फिरला. माप पुन्हा पुन्हा लिहिलं आणि खोडलं. तेहतीस इंचांवर नळ म्हणजे उभ्या माणसाच्या कमरेच्याही खाली. मधोमध पोकळी म्हणजे आतली जागा वाया आणि थंडी गळायला आणखी एक बाजू. कोणत्याही बाजूने पाहिलं तरी ते वाईट काम होतं, आणि वाईट काम त्याने कधी केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्याने आपल्या मनाने पेटी पुरी केली. पोकळी बुजवून समोर सरळ फळी ठोकली. पेटीच्या माथ्यावर, जरा मागे, पितळेचा उभा खांब बसवला आणि त्याला नळ लावला. जमिनीपासून चार फूट. यंत्र सुरू केलं. तासाभरात आतली हवा गार पडली. लाइल दोन पावलं मागे सरकून आपल्या कामाकडे बघत राहिला.

शनिवारी सकाळी गॉर्डी आला. दारातून बादलीपर्यंत यायला त्याला वेळ लागला. पेटीकडे तो बराच वेळ पाहत होता.

“पोकळी कुठाय?”

“बुजवली. नळ चार फुटांवर घेतलाय. आता माणसासारखा उभा राहून ओत. आणि ज्याला विकणार आहेस त्यालाही हेच सांग.”

“विकणार?” गॉर्डीला काही उमगेना. “कुणाला?”

“मला काय ठाऊक. तू सांगतोयस कुठे काही.”

गॉर्डी बादलीवर बसला. दोन्ही हातांनी त्याने उजवा पाय उचलून सरळ केला, जसा काही तो पाय दुसऱ्या कुणाचा होता.

“डॉक्टरीणबाई म्हणतात, नाताळपर्यंत पाय साथ देतील,” तो म्हणाला. “त्यापुढचं त्यांनाही सांगता येत नाही. चाकाची खुर्ची बघून आलो. बरी आहे. तिच्यात बसल्यावर माझा हात कुठवर जातो, ते तिथंच मोजलं.” मग समोरच्या फळीकडे पाहून त्याने विचारलं, “आता गुडघे कुठे घालू, लाइल?”

यंत्र घरघरत होतं. लाइलला ते बंद करावंसं वाटलं, पण बटण कुठल्या बाजूला लावलंय ते त्याला क्षणभर आठवेना.

“डोरीनला माहीत आहे?” त्याने गॉर्डीच्या बायकोबद्दल विचारलं.

“नाही अजून. कुणालाच नाही.”

“मला तरी सांगायचंस लेका.”

“माप दिलं होतं ना. वाटलं, तू मोजशील आणि तुला कळेल.”

कोपऱ्यातली दुसरी बादली लाइलने पायाने ओढली, पालथी केली आणि गॉर्डीच्या शेजारी, पेटीला अगदी लागून बसला. गुडघे फळीवर आपटले. त्याने हात उचलून नळाकडे लांब केला. हात नळापर्यंत पोचला नाही.