मेंबरांचं दूध

नगरपालिकेच्या नाक्यावर इन्स्पेक्टरांनी गोजरा गवळणीच्या चरवीत विलायतेहून आणलेली काचेची नळी सोडली. नळी वर तरंगली, म्हणजे दुधात पाणी नव्हतं. तरीही गोजराला उन्हात ताटकळत ठेवलं.

तेवढ्यात मेंबरसाहेबांच्या गोठ्यातली गाडी आली. डबे लहान मुलांच्या इस्पितळात चालले होते. इन्स्पेक्टरांनी नुसता सलाम ठोकला.

"त्यांचं दूध का नाही बघत?" गोजरानं विचारलं. तिची नात त्याच इस्पितळात आठवडाभर हगवणीनं मलूल होऊन पडली होती.

"तुला काय करायचंय? ते मेंबर आहेत!"

गोजराच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नळी हिसकावून ती गाडीवर चढली आणि तिनं ती डब्यात सोडली. नळी पार गळ्यापर्यंत बुडाली. दुधावर शेवाळाचा तुकडा तरंगत होता. रांगेतल्या सगळ्या गवळणींनी तो पाहिला.

"सरकारी कामात अडथळा! नाव सांग," इन्स्पेक्टर ओरडले.

"लिहा की, गोजरा!" म्हणत तिनं एकेक डबा गटारात उपडा केला.

शिपायांनी तिला चौकीत नेऊन बसवलं. बाकीच्या गवळणींनी मात्र दुधानं भरलेल्या आपापल्या चरव्या डोक्यावर घेतल्या आणि इस्पितळाची वाट धरली.