तळाचा गाळ

फळीवर इंदूचे पाय ठरेनात. फळी बैलगाडीची. तिच्या बाबानं, उत्तमनं, सकाळीच ती विहिरीच्या काठावर, जुन्या मोटेच्या दगडी तोंडाशी, दोरखंडानं आवळून बांधली होती. टाचेखाली ती करकरत होती आणि काठावर जबलपूरचे साहेब सारखं घड्याळ बघत होते.

"जल्दी, बेटा. पांढुर्णा से गाड़ी पकड़नी है."

साहेब विभागाच्या डायव्हिंगच्या, म्हणजे सूर मारण्याच्या, संघासाठी पोरी निवडत फिरत होते. पीटीच्या मनोहर सरांनी त्यांना नागपूरहून जाताना मधेच तिगाव स्टेशनवर उतरवून घेतलं होतं. पांढुर्ण्यात पोहायचा टँक कुठला? म्हणून मग संत्र्याच्या बगीच्यातली ही विहीर. एशियाडच्या वेळी सरांनी मेव्हण्याच्या टीव्हीवर असले सूर पाहिले आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात हे भूत शिरलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं सगळी शाळा म्हणायची. पण इंदूला जबलपूरला जायचंच होतं. रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता.

"ध्यानात ठेव," सर हळूच म्हणाले, "पाय जोडलेले, हात सरळ. पाणी उडू द्यायचं नाही. अन् लगेच वर ये. बाकी काही करत नको बसू."

"हो जी."

तिनं श्वास घेतला आणि सूर मारला. हवेत तेवढी जिवाची सगळी चुळबूळ थांबली. पाणी उडालं नाही, हे तिच्या कातडीलाच कळलं.

पण सवय वाईट. वर वळायचं सोडून तिचे हात खाली वळले. या विहिरीचा कायदाच तसा होता. तळाचा गाळ आणून दाखवल्याशिवाय सूर कोणी जमेत धरत नसे. त्यातही बगीच्याच्या मालकाची पोरं अर्ध्यातून माघारी फिरली तरी "लागला तळ" म्हणत आणि ते खरं मानलं जाई. बौद्धपुऱ्यातल्या इंदूला मात्र मूठ उघडून दाखवावी लागे. दर वेळी. पोरीच्या जातीला कुठचा तळ लागतो, म्हणत. पावसानं आज पाणी चढलेलं, तळ लांब गेलेला. कानात सुया टोचायला लागल्या तरी ती जातच राहिली. बोटांना गार चिखल लागला तेव्हा कुठं तिला बरं वाटलं.

वर आली तर काठावर हलकल्लोळ. मनोहर सर सदरा काढून, एक बूट हातात घेऊन पायऱ्यांवर उभे. साहेबांचा चेहरा पांढराफटक. एकटा उत्तम तेवढा जागचा हलला नव्हता. "घाबरू नका जी," तो सांगत होता, "गाळ आणून राहिली ते."

इंदूनं मूठ उंच करून उघडली. काळा चिखल मनगटावरून ओघळला.

"ये क्या है?"

"गाळ हाय जी. तळ लागला."

"किसने माँगा था?" साहेब कडाडले. भीती उतरली की माणूस चिडतोच. "मनोहरजी, डाइव्ह अच्छी थी. पर ऐसी लड़की की जिम्मेदारी मैं नहीं लूँगा." आणि ते तरातरा चालायला लागले.

इंदूला खरंच काही कळेना. "सर, तिथं गाळ नाही मांगत, तर मंग खरं कसं मानतात?"

बूट पायात घालताना सरांना हसावं की रडावं ते समजेना. "अवं, पाच पंच खुर्च्या टाकून बसतात. तुझ्याकडेच पाहत राहतात. पायाचं बोट पाण्यात गेलं, की संपलं."

"पाची जणं? माह्याकडं?"

"हो."

"अन् मानतात?"

"मानतात."

इंदूनं पाण्यातच हात खळखळून धुतला, पायऱ्या चढली आणि सरांना ओलांडून पुन्हा फळीवर जाऊन उभी राहिली. साहेब बगीच्याच्या फाटकाशी पोचले होते.

"साहेब!" मालकाच्या विहिरीवर ती उभ्या जन्मात एवढ्या मोठ्यानं बोलली नव्हती. उत्तम दचकला. साहेब थांबले, वळले.

"इकडं पाहा जी. आता रिकाम्या हातानं येतो."