ओढ्याहून उंच

सगळी सुट्टी नवरा पिकअपखाली उताणा पडून होता. स्प्रिंगांखाली ठोकळे घालून त्याने गाडी उचलली, मोठे टायर चढवले. पाने देऊन देऊन माझेही हात भरून आले. गेल्या वर्षी दवाखान्याच्या वाटेवर ओढ्यातल्या दगडांवर गाडीचं पोट टेकलं आणि सासऱ्यांनी गाडीतच प्राण सोडला. शेवटचा नट आवळून त्याने सासूबाईंना बोलावलं. "आई, बसून बघ. आता तुला ओढा अडवणार नाही." त्यांनी पाय उचलला, गुडघा अर्ध्यावरच थांबला. "अरे, गाडी केलीस की माडी?" ठोकळे काढायला त्याने घामेजल्या हाताने पुन्हा पाना उचलला. "ठेव तो खाली," म्हणत त्यांनी न्हाणीघरातून सासऱ्यांचं अंघोळीचं स्टूल आणलं. वर्षभर ते कुणी हलवलं नव्हतं. त्यावरून त्या चढून बसल्या. "स्टूल माझ्या मांडीवर दे. ओढ्यापलीकडे जाऊन येऊ. यांचं तेवढं राहिलंय."