तिसरी वायर

वाचकहो, कोन गावातील एका घरी संगणक जोडण्याचा जो प्रयत्न झाला, त्याचा वृत्तांत मी पुढील ओळींत सादर करीत आहे. यात कोणाचाही मृत्यू होत नाही, हे आरंभीच नमूद करणे मला आवश्यक वाटते.

सन २००९ च्या जानेवारीतील रविवारची सकाळ होती. रंजिताने प्लास्टिकची चटई गुंडाळून ठेवली, नायलॉनची ओढणी काढून खुंटीला अडकविली आणि उघड्या लाद्यांवर संगणकाचे सुटे भाग मांडले. खारघरच्या कॉलेजात शिकत असताना दोन वर्षे शिकवण्या घेऊन तिने ते जमविले होते. पनवेलच्या दुकानदाराने तिला बजावले होते की, कोरड्या हवेत माणसाच्या अंगावर वीज साठते. माणसाला ती जाणवतही नाही, परंतु मदरबोर्ड मारण्यास तेवढी पुरते. म्हणून त्याने मनगटावर बांधावयाचा एक पट्टा दिला होता. पट्ट्याचा चिमटा संगणकाच्या पत्र्याच्या पेटीला लावायचा, पेटीची पिन भिंतीवरच्या बोर्डात घालून बटण बंद ठेवायचे, म्हणजे अंगावरची वीज अर्थिंगच्या तिसऱ्या वायरीने जमिनीत उतरते.

तिचा बाप काशिराम हा गावचा वायरमन. तो समोर चहा पीत बसला होता. मुलगी आपल्याच विद्येतले काही करीत आहे, याचे त्याला अपार समाधान वाटत होते.

पट्टा बांधण्यापूर्वी तिने बापाच्या पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला. तपासल्याशिवाय कोणत्याही बोर्डावर विश्वास ठेवू नये, हे तिला त्यानेच शिकविले होते. लॅम्पच्या दोन वायरी तिने खालच्या दोन छिद्रांत घातल्या. बल्ब लागला. मग त्यातली डावीकडची, न्यूट्रलची वायर काढून तिने अर्थिंगच्या वरच्या मोठ्या छिद्रात घातली. बल्ब लागला नाही.

"वायर सुटली असंल," काशिराम म्हणाला.

तिने आतली खोली तपासली. स्वयंपाकघर तपासले. नंतर मेन स्विच बंद करून तिने बोर्ड खोलला. आत लाल वायर होती, काळी वायर होती. मोठ्या छिद्रामागचा पितळी स्क्रू मात्र नवा कोरा होता. त्याला आजवर स्क्रूड्रायव्हर लागलेला नव्हता.

"बाबा, हिरवी वायरच नाय."

काशिरामने कप खाली ठेवला. त्याने सांगितले की, सरकारने जमिनी घेऊन मोबदला दिला त्या वर्षांत घरामागून घर उभे राहत होते आणि प्रत्येकाला गणपतीच्या आत वीज हवी होती. अर्थिंगसाठी पुरुषभर खड्डा खणावा लागतो, त्यात तांब्याची पट्टी, मीठ व कोळसा भरावा लागतो. तेवढी सवड कोणाला नव्हती. तिसऱ्या वायरीवाचून दिवे लागत होते, पंखे फिरत होते. स्वतःच्या घरी तरी ती का घातली नाही, हे त्याने सांगितले नाही. हाताला तशीच सवय लागली होती.

"मग मी हा चिमटा कुठं लावू?" रंजिताने विचारले.

तिने मदरबोर्ड पुन्हा त्याच्या रुपेरी पिशवीत सरकविला.

"अशी किती घरं हायेत?"

"मी केलेली सगळी."

तेवढ्यात भिंतीपलीकडून चपलांची फटफट ऐकू आली. शेजारच्या कमळाबाई फ्रीज उघडण्यास निघाल्या होत्या. फ्रीज हाताला चावतो, अशी तक्रार त्यांनी दोन वर्षांपूर्वी केली होती. तेव्हा, फ्रीज नवा हाय वयनी, त्याची अजून वळख नाय, असा विनोद करून काशिरामने त्यांना रबरी चप्पल घालण्याचा सल्ला दिला होता. ज्या बाईने देवाचा कोनाडा असलेल्या स्वयंपाकघरात जन्मात कधी पादत्राण नेले नव्हते, तिने त्या दिवसापासून एक निळी जोडी फ्रीजपुढे ठेवली होती.

बाप आणि लेक दोघेही ती फटफट ऐकत राहिले.

"काकी तुला देवमाणूस म्हणते," रंजिता म्हणाली.

काशिराम उठला. कोपऱ्यातली पहार व फावडे घेऊन तो बाहेर पडला. तो परसात जाईल असे तिला वाटले होते. तो कमळाबाईंच्या दारात गेला.

"पहार घेऊन आलास भावजी," त्या हसून म्हणाल्या, "घर पाडतंस का काय आमचं?"

त्याने मान खाली घालून सांगितले की, दोष फ्रीजचा नाही. जिथे तीन वायरी घालायच्या तिथे त्याने दोनच घातल्या आणि ते झाकण्यासाठी त्यांना चप्पल घालायला लावली. एवढे बोलण्यास त्याला फार वेळ लागला.

"म्हंजे तुला ठाव होतं."

"ठाव होतं."

कमळाबाईंनी ओले हात पदराला पुसले. "परवा नात आमची अनवाणी गेली फ्रीजकडं," त्या म्हणाल्या. "मी मारलं तिला. चप्पल का नाय घातली म्हणून."

पहार उंबऱ्याशी टेकवून काशिराम आत गेला व त्याने फ्रीजची पिन उपटून काढली. निळी जोडी तिथेच होती. तिच्या शेजारी, पट्ट्यांवर फुले असलेली, एक लहान जोडी होती. त्याने चारही चपला दोन्ही हातांत उचलल्या, देवाच्या कोनाड्यासमोरून त्या तशाच नेल्या आणि उंबऱ्याबाहेर ठेवल्या.

आपण वेळ देऊन हे वाचलेत, याबद्दल मी आपला आभारी आहे.

काशिराम जोमा भोईर,
वायरमन, मुक्काम कोन, तालुका पनवेल